पाखराला आसरा देणारी झाडे

हिवाळ्यात एका मोडक्या पंखाच्या पाखराने बर्च, ओक आणि विलो या झाडांकडे आसरा मागितला. तिघांनीही नकार दिला. स्प्रूस, पाइन आणि ज्युनिपर यांनी मात्र त्याला जवळ केले. म्हणून गार वाऱ्याने त्यांच्या पानांना हात लावला नाही आणि ती झाडे बारमाही हिरवी राहिली. शिकागोच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका फ्लोरेन्स होलब्रुक यांनी १९०२ साली मुलांसाठी काढलेल्या ‘द बुक ऑफ नेचर मिथ्स’ या वाचनपुस्तकात ही गोष्ट आहे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या ‘जस्ट सो स्टोरीज’ही त्याच वर्षीच्या. पण किपलिंगला शिकवायचे नव्हते, गंमत करायची होती. होलब्रुकबाईंना शिकवायचे होते.

ही पद्धत शिकागोत तेव्हा नवी नव्हती. फ्रान्सिस पार्कर यांच्या कुक काउंटी नॉर्मल स्कूलमध्ये विल्बर जॅकमन मुलांना किडे, ढग, बिया यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करायला लावत. १८९१ साली त्यांचे निसर्ग-अभ्यासावरचे पुस्तक आले. त्याच संस्थेतल्या फ्लोरा कुक यांनी १८९५ मध्ये निसर्गकथांचे पुस्तक काढले. त्यात कोळी कसा जन्मला हे सांगणारी अरॅक्नीची ग्रीक कथा आहे. एकाच छपराखाली कोळ्याचे पाय मोजायचे आणि तो पूर्वी गर्विष्ठ विणकरीण होता हेही ऐकायचे! यात कुणाला विसंगती वाटली नाही, याचे कारण त्या काळच्या शिक्षणशास्त्रात आहे.

मूल वाढताना मानवजातीच्या साऱ्या अवस्थांतून जाते, असा तेव्हा समज होता. जर्मनीत त्सिलर यांनी या समजावर अभ्यासक्रमच बेतला होता: पहिल्या वर्षी ग्रिमच्या परीकथा, दुसऱ्या वर्षी रॉबिन्सन क्रूसो. म्हणजे सहा वर्षांचे मूल ‘आदिम’, म्हणून आदिम माणसाची गोष्ट त्याला मानवणार. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्येच या सिद्धांताची चिकित्सा केली, तरी शाळांना तो सोयीचा वाटत राहिला. त्याची दुसरी बाजू अशी की आदिवासी प्रौढ माणूस कायमचे मूल ठरतो.

हे केवळ कागदावर राहिले नाही. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. तिथे मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषा बोलायला बंदी असे. तशा आणखी कितीतरी शाळा निघाल्या. अनेक जमातींत या गोष्टी हिवाळ्यातच, रात्री, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगायच्या असा दंडक होता. (आपल्या चातुर्मासातल्या कहाण्यांनाही वार आणि तिथी असतेच.) निवासी शाळेतले मूल त्या रात्रींना घरी नसे. गोऱ्या मुलांच्या वाचनपुस्तकांत गोष्ट मात्र आली. तासाच्या घंटेवर, बारा महिने, आणि बहुधा सांगणाऱ्याच्या नावाशिवाय.

झित्काला-शा ही यांक्टन डकोटा जमातीतली मुलगी १८८४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, इंडियानातल्या अशाच एका शाळेत गेली. केस कापायला येतील म्हणून ती पलंगाखाली लपली होती. तिला ओढून बाहेर काढले, खुर्चीला बांधले आणि वेण्या कापल्या. पुढे ती कार्लाइललाच शिक्षिका झाली. १९०० साली तिने हे सारे ‘अटलांटिक मंथली’त लिहिले. आणि १९०१ मध्ये, होलब्रुकबाईंच्या एक वर्ष आधी, बॉस्टनच्या जिन या प्रकाशनसंस्थेकडून तिचे ‘ओल्ड इंडियन लेजंड्स’ निघाले. प्रस्तावनेत तिने या कथांवर निळ्या डोळ्यांच्या मुलांचाही हक्क मान्य केला आहे. हे औदार्य मला त्या काळच्या कुठल्याही शिक्षणसिद्धांताहून मोठे वाटते.

तिच्या पुस्तकातली बदकांची गोष्ट पाखराच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचावी. इक्तोमी हा लबाड कोळी बदकांना डोळे मिटून नाचायला सांगतो. उघडाल तर डोळे कायमचे लाल होतील, असा धाक घालतो. बदके नाचतात, आणि तो एकेकाची मान मुरगाळत जातो. एक बदक डोळे उघडते आणि ओरडते. उरलेली उडून जातात.