मिरजेची गाडी आणि यंत्राचा हात

आमच्या धारवाडच्या घरात ‘मिरजेला नेले’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे. ऑपरेशन ठरले, हे ऐकणाऱ्याला कळत असे. माझ्या आज्जीलाही पोटातल्या गाठीसाठी असेच नेले होते. वळकटी, स्टोव्ह, तांदळाची पिशवी आणि सोबतीला तीन माणसे, असा सारा संसार मीटरगेजच्या गाडीत चढला आणि लोंढा, बेळगाव करत मिरजेला पोचला. आज्जी बरी होऊन आली व पुढे वीस वर्षे जगली. खर्चाचा विषय निघाला की ती म्हणे, “डाक्तरानं थोडंच घेतलं रे, बाकीचं सगळं वाटेनं खाल्लं.”

हे वाक्य गेल्या वर्षी मला फार आठवले. पण त्याआधी थोडा मागचा इतिहास सांगायला हवा.

सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य ठाणे आमच्या धारवाडात होते. या लोहमार्गाने हुबळी-धारवाड मिरजेशी जोडले गेले. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. मोतीबिंदू, मूतखडा, पोटातल्या गाठी अशा दुखण्यांसाठी मराठी आणि कन्नड मुलखातली माणसे तिथे रांग लावू लागली. ज्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे, ती रात्रभराच्या प्रवासावर आली. मात्र घरातली तीन माणसे महिनाभर परगावी राहणे, शेतीची कामे अडणे, हा खर्च कुठल्याही पावतीवर येत नसे. आज्जीची ‘वाट’ ती हीच.

१९५७ मध्ये हुबळीत कर्नाटक मेडिकल कॉलेज सुरू झाले. जुनी माणसे त्याला ‘केएमसी’ म्हणत, पुढे ते ‘किम्स’ झाले. वाटेने खाण्याचे प्रमाण त्यामुळे पुष्कळ घटले. त्यानंतर १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. मोठ्या छेदाऐवजी चार लहान भोके आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी! सुरुवातीला अनेकांनी नाके मुरडली, पण काही वर्षांतच तालुक्याच्या गावांतही दुर्बीण पोचली. नवे यंत्र म्हणजे श्रीमंतांचे खूळ, असे सरसकट म्हणता येत नाही, हे त्यावरून शिकावे.

आता रोबोकडे येतो. ‘दा विंची’ या यंत्राला अमेरिकेत सन २००० मध्ये मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्कला बसलेल्या डॉक्टरांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचे पित्ताशय यंत्राच्या हातांनी काढले. दिल्लीच्या एम्समध्ये २००६ पासून मूत्ररोगाच्या शस्त्रक्रिया अशा होऊ लागल्या. रोबो म्हटले की यंत्र आपणहून कापते असे आपल्याला वाटते, तसे नाही. आमच्या ओळखीच्या एका नर्सबाईंनी वहिनींना कन्नडमध्ये नेमके सांगितले, “मशीन माडूदिल्री, डॉक्टर माडतार.” डॉक्टर बाजूला बसून मोठे केलेले, खोली दाखवणारे चित्र पाहतात. त्यांच्या बोटांची हालचाल यंत्राच्या बारीक मनगटात उतरते आणि हाताचा कंप गाळला जातो.

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या भावाला, अण्णांना, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वय सदुसष्ट, गाठ ग्रंथीच्या बाहेर गेलेली नव्हती. दूरच्या एका मोठ्या शहरात ‘रोबोने करू’ असा सल्ला मिळाला. कागदावर लिहून दिलेला आकडा इथल्या साध्या ऑपरेशनच्या अडीचपट होता. रोबोटिक शस्त्रक्रियेसह काही आधुनिक उपचार विम्यातून वगळू नयेत, असे विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवले खरे, पण रकमेला मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना राहिली. अण्णांच्या पॉलिसीत ती होती. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, “कलघटगीचं शेत काढू या का?”

शेत काढायचे तर कशासाठी, हे तरी कळावे म्हणून मी हिशेब मांडला. समजा, यंत्र पंधरा कोटींचे आहे आणि दहा वर्षे चालणार. वर्षाला तीनशे ऑपरेशने झाली तर यंत्राच्या किमतीचा दर रुग्णावर पन्नास हजारांचा भार. शंभरच झाली तर दीड लाखाचा! शिवाय दरसालची देखभाल आणि ठरावीक वेळाच वापरता येणारी अवजारे वेगळीच. म्हणजे जिथे रुग्ण थोडे, तिथे यंत्र महाग. आणि तिथेच ते जास्तीत जास्त माणसांवर वापरण्याचा मोहही मोठा.

फायदा किती? ब्रिस्बेनमध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून तुलना झाली. २०१६ च्या निष्कर्षांत रोबोने रक्तस्राव बराच कमी झाला. पण बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच दिसली. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये २०१७ मध्ये दुर्बिणीच्या तुलनेत ठळक फरक आढळला नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत तर २०१८ मध्ये उलटेच निघाले: दुर्बीण वा रोबोने केलेल्यांपेक्षा उघड्या शस्त्रक्रियेच्या स्त्रिया अधिक जगल्या. लहान छेद म्हणजे चांगला उपचार, हे समीकरण दर दुखण्याला तपासूनच घ्यावे लागते.

मग आम्ही यंत्राविषयी विचारणे थांबवले आणि हाताविषयी विचारू लागलो. तुम्ही अशी ऑपरेशने किती केलीत? त्यातली याच पद्धतीने किती? रात्री रक्तस्राव झाला तर कोण येणार? हुबळीतल्या एका सर्जननी तिन्ही प्रश्नांना न चिडता उत्तरे दिली आणि पुढे म्हणाले, “रोबोनं रक्त कमी जातं, हे मी नाकारणार नाही.” त्या एका वाक्याने अण्णांचा निश्चय झाला.

उघडे ऑपरेशन इथेच झाले. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, पुतण्या आणि त्याचा मित्र धावले. अकरा दिवस दवाखान्यात गेले. यंत्राने कदाचित चारच गेले असते. नळी निघाल्यानंतरचे तीन महिने अण्णांना फार जड गेले, हेही लपवत नाही. त्या दिवसांत माझ्या मनात कितीदा आले की आपण पैसे वाचवले की भावाला त्रास दिला? तपासण्या आज चांगल्या आहेत, म्हणून आमचा निर्णय बरोबर होता असे मी म्हणणार नाही. अण्णा रोजंदारीवर असते, तर लवकर उठून कामाला लागण्याची किंमत वेगळी ठरली असती आणि आमचा हिशेबही बदलला असता.

भारतात तयार झालेले ‘एसएसआय मंत्रा’ हे यंत्र २०२२ मध्ये आले आहे. दुर्बीण स्वस्त झाली तसा रोबोही एक दिवस होईल आणि तेव्हा हाच लेख जुना ठरेल. ठरावा. तोवर कागदावरचा आकडा पाहून घाबरू नये आणि भुलूही नये. त्यातले हाताचे किती, यंत्राचे किती आणि वाटेचे किती, हे विचारावे.

या पावसाळ्यात अण्णा कलघटगीला जाऊन भाताची लावणी पाहून आले. बांधावर बसूनच, पण आले.