थेंबाचा मुकुट

पाण्यात थेंब पडला की कडेने मुकुटासारखे तुषार उसळतात. नुसत्या डोळ्यांना ते टिपता येत नाहीत. इंग्लंडमधील भौतिकशास्त्राचे शिक्षक आर्थर वर्दिंग्टन यांनी १८७० च्या दशकात एक युक्ती योजली. अंधाऱ्या खोलीत थेंब सोडायचा, नेमक्या क्षणी विजेची ठिणगी पाडायची आणि डोळ्यांत रेंगाळलेली प्रतिमा लगेच कागदावर उतरवायची. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा. अशी त्यांनी सुमारे वीस वर्षे चित्रे काढली. प्रसिद्ध केलेली चित्रे रेखीव आणि सममित होती.

१८९४ मध्ये ठिणगीच्या प्रकाशात छायाचित्रे घेणे जमले, तेव्हा मुकुट वेडेवाकडे निघाले. जुनी चित्रे चाळताना वर्दिंग्टन यांना आढळले, की असे मुकुट आपण पूर्वीही काढले होते. पण अपवाद समजून वगळले होते. ही चूक त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितली.

आज अनेक मोबाइल सेकंदाला २४० चित्रे घेतात. वर्गात हा प्रयोग जरूर करा. मुलांना आधी मुकुटाचे चित्र काढू द्या, मग चित्रण दाखवा. आधीचे चित्र मात्र खोडू देऊ नका.