उल्हास नदीवरील जलवाहतूक

उल्हास नदी व तिची खाडी यांतून होड्या, मचवे, पडाव इ. नौकांच्या साहाय्याने होणारी माल-उतारूंची ने-आण. उत्तर कोकणातील अंतर्गत जलमार्गांपैकी हा एक अतिप्राचीन मार्ग असून कल्याण, ठाणे व वसई या नगरांचा उत्कर्ष त्याच्याशी निगडित आहे. लोहमार्गाच्या आगमनानंतर या वाहतुकीला उतरती कळा लागली. तिच्याबरोबर बंदरावर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेला खलाशांचा समाजही विस्कळीत झाला.

उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते. कोंढाणे, कर्जत, नेरळ, शेलू, वांगणी व बदलापूर या भागांतून सामान्यपणे वायव्येस वाहत ती कल्याणजवळ येते. तिची एकूण लांबी सु. १२२ किमी. आहे. कल्याणच्या परिसरात काळू व भातसा या नद्यांचे पाणी तिला मिळते. ठाण्याच्या उत्तरेस तिचा मुख्य प्रवाह पश्चिमेकडे वळून वसईच्या खाडीने अरबी समुद्रास मिळतो, तर दुसरा अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीस मिळून मुंबई बंदराशी संबंध जोडतो. त्यामुळे साष्टी बेटाला वळसा घालून मुंबई व वसई या दोन्ही दिशांना जाण्याची सोय कल्याणच्या नावाड्यांना लाभली होती.

नौकानयनाच्या दृष्टीने उल्हासचे दोन भिन्न भाग पडतात. शेलू, नेरळ व कर्जत या भागांतील पात्र खडकाळ व उताराचे आहे. पावसाळ्यात तेथे लोंढे येतात, तर पूर्वी उन्हाळ्यात पाणी केवळ डोहांपुरते उरे. अशा पात्रात नावेचा उपयोग मुख्यतः नदी ओलांडण्यापुरता, म्हणजे तरीपुरताच होता. शेलूच्या शिवारातील भात किंवा आसपासच्या डोंगरांतील लाकूड जलमार्गाला लावायचे, तर ते आधी बैलांच्या पाठीवरून अथवा गाडीने कल्याणपर्यंत न्यावे लागे. कल्याणपासून खाली मात्र समुद्राच्या भरतीचे पाणी नदीत शिरते व पात्र नाव्य होते. भरतीचे पाणी जेथे संपते तेथेच व्यापारी पेठ उभी राहावी, हा कोकणातील नद्यांचा सर्वसाधारण नियम होय. अंबा नदीवरील नागोठणे, कुंडलिकेवरील रोहे, सावित्रीवरील महाड व वाशिष्ठीवरील चिपळूण ही याचीच उदाहरणे आहेत.

खाडीतील प्रवास वाऱ्यापेक्षाही भरती-ओहोटीच्या आधीन असे. भरतीचे पाणी नौकेला आपोआप वर नेई, तर ओहोटी तिला समुद्राकडे घेऊन जाई. शीड व वल्ही ही त्या प्रवाहाला जोड म्हणून वापरीत. दोन भरत्यांमध्ये सु. १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणजेच भरतीची वेळ दररोज सु. ५० मिनिटांनी पुढे सरकते. खलाशी तिथीवरून ही वेळ काढीत. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत जड पडावही वरपर्यंत येऊ शकत, तर अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढल्याने ते गाळात रुतण्याचा धोका असे.

या नैसर्गिक वेळापत्रकाचा सामाजिक परिणाम महत्त्वाचा होता. एकाच पाण्यावर निघणाऱ्या नौका साहजिकच जथ्याने चालत आणि पाणी उतरले की एकाच ठिकाणी नांगर टाकून पुढील भरतीची वाट पाहत. सक्तीच्या या मुक्कामांत वेगवेगळ्या गावांचे व जातिजमातींचे तांडेल व खलाशी एकत्र येत. पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा कोठे सरकला, कोणत्या वळणावर खडक उघडा पडला, कोणत्या बंदरात मालाला उठाव आहे, ही माहिती तेथे तोंडोतोंडी पसरे. गाळाने दरसाल बदलणाऱ्या पात्राचा छापील नकाशा फार काळ उपयोगी पडत नाही. अशा देवघेवीतून ताजे होत राहणारे ज्ञान हाच नावाड्यांचा खरा नकाशा होता. रुतलेली नौका ओढून काढणे किंवा फुटलेल्या नौकेतील माल दुसरीत घेणे यांसाठी परस्परांवर अवलंबून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज दुसऱ्याची नौका सोडून पुढे जाणाऱ्यावर उद्या तीच वेळ येणार, हे सर्वांना ठाऊक असे.

या मार्गाची प्राचीनता अनेक साधनांवरून स्पष्ट होते. कान्हेरी येथील कोरीव लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक प्रवासवर्णनात व सहाव्या शतकातील कॉसमस इंडिकोप्लूस्टिसच्या ग्रंथात कल्याणचा व्यापारी स्थळ म्हणून निर्देश आहे. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरकडे व उल्हासच्या खोऱ्यातून बोरघाटाकडे व्यापारी वाटा जात. राजमाचीच्या पायथ्याची कोंढाणे लेणी दुसऱ्या वाटेच्या परिसरातच आहेत.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश घेतला आणि कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ला व नौकाबांधणी यांचा पाया घातला. मराठी आरमाराचा आरंभ समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, तर खाडीच्या आतील या सुरक्षित जागी झाला. जवळच्या जंगलातील सागाचे लाकूड, कसबी कारागीर व भरतीचे पाणी या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र उपलब्ध होत्या. तथापि खाडीचे वसईकडील मुख त्या वेळी पोर्तुगीजांच्या हाती होते. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर ती अडचण दूर झाली. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये मुंबईहून ठाण्यामार्गे नावेने कल्याणला आला व तेथून घाट चढून जुन्नरला गेला. त्याच्या प्रवासवर्णनात कल्याणच्या भग्नावशेषांचे वर्णन आहे.

एकोणिसाव्या शतकात या मार्गाला प्रथम पनवेलची स्पर्धा जाणवू लागली. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यावर मुंबईहून पनवेलपर्यंत नावेने आणि पुढे खालापूर-खोपोलीवरून घाट चढून पुण्यास जाण्याचा प्रघात वाढला. या टप्प्यातही रस्ता व जलमार्ग परस्परांना पूरकच होते. लोहमार्गाने मात्र हे चित्र पालटले. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू होऊन १८५४ मध्ये कल्याणपर्यंत व १८५६ मध्ये शेलू-नेरळच्या परिसरातून खोपोलीपर्यंत पोहोचला. १८६३ मध्ये बोरघाटातील मार्गही खुला झाला. ज्या खोऱ्याने नदी येते त्याच खोऱ्याने आगगाडी जाऊ लागल्याने शेलूकडील माल कल्याणच्या बंदरावर न उतरता थेट मुंबईस पोहोचू लागला. भरतीची वाट पाहण्याचे कारण संपले व त्याबरोबर बंदरावरचा मुक्कामही संपला. पुढे खाडीत मुख्यत्वे रेती, विटा, गवत यांसारख्या जड व स्वस्त मालाची वाहतूक उरली. खाडीकाठची ‘रेतीबंदर’ ही स्थलनामे त्या टप्प्याची स्मृती जपतात.

नदीचे स्वरूपही पुढे बदलले. भिवपुरी येथील टाटा जलविद्युत्‌ केंद्र १९२२ मध्ये सुरू झाल्यापासून घाटमाथ्यावरचे पाणी पेज नदीवाटे उल्हासमध्ये येते व उन्हाळ्यातही नदी वाहती राहते. तथापि हे पाणी शेती, उद्योग व शहरांचा पाणीपुरवठा यांकडे वळविले गेले. बदलापूर, जांभूळ येथील बंधाऱ्यांमुळे शेलूपासून कल्याणपर्यंत अखंड नौकाप्रवास आता शक्य नाही. खालच्या टप्प्यात गाळ, सांडपाणी व भराव यांनी पात्राची हानी केली आहे.

इंग्लंडमधील कालव्यांनाही लोहमार्गांनी असेच मागे टाकले होते. परंतु १९४६ मध्ये तेथे अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली आणि पुढे हजारो लोक त्या कालव्यांतून हौसेने नौकाविहार करू लागले. केरळमध्ये मालवाहू केट्टुवल्लम नौकांना पर्यटनामुळे नवे आयुष्य लाभले. महाराष्ट्रात भिरा येथील वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर कोलाडजवळ कुंडलिकेत चालणारे साहसी नौकानयन हे त्याचे लहान रूप म्हणता येईल. तेथेही नौका पाण्याच्या वेळेनुसार एकत्र निघतात. फरक एवढाच की, ती वेळ चंद्राऐवजी वीजकेंद्र ठरविते. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये कल्याण-ठाणे-मुंबई या १४५ किमी. लांबीच्या मार्गास राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ हा दर्जा मिळाला. अशा मार्गाचे पुनरुज्जीवन केवळ धक्के बांधून साध्य होणारे नाही. पात्राची नित्य माहिती असणारा नाविक वर्गही त्यासाठी हवा.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस ही गाडी बदलापूर-वांगणी दरम्यान, शेलूपासून थोड्याच अंतरावर, पाण्याने वेढली गेली. तीतील सु. १,०५० प्रवाशांची सुटका राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व स्थानिक रहिवासी यांनी केली. त्यासाठी रबरी नावांचाही उपयोग करण्यात आला. ज्या लोहमार्गाने या खोऱ्यातील नावा निरुपयोगी ठरविल्या होत्या, त्याच्याच उतारूंना त्या दिवशी नावांचा आधार घ्यावा लागला. उल्हासच्या काठी नाव व नावाडी यांची गरज आजही सर्वस्वी संपलेली नाही.