चाळीस तासांचे चाळीस दिवस

ख्रिस्ती उपवासकाळ चाळीस दिवसांचा का, असं विचारलं की येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाकडे बोट दाखवतात. ते बरोबरच आहे. पण ईस्टरआधीचा उपवास सुरुवातीला एवढा लांबलचक नव्हता.

इ. स. १९० च्या सुमारास लिआँचे बिशप इरेनेउस यांनी रोमच्या पोप व्हिक्टर यांना पत्र लिहिलं. वाद ईस्टरच्या तारखेचा होता, ओघात उपवासाचा विषय निघाला. कुणी एक दिवस पाळतं, कुणी दोन, कुणी त्याहून जास्त, तर कुणी दिवसरात्र मिळून चाळीस तास, असं ते लिहितात. हा फरक वाडवडिलांपासूनचा आहे आणि तरीही आपण गुण्यागोविंदाने राहतो, हेही सुनावतात.

इ. स. ३२५ च्या निकाया परिषदेच्या नियमांत ‘चाळिशी’चा उल्लेख जाता जाता येतो: बिशपांची एक बैठक तिच्याआधी घ्यावी. म्हणजे तोवर ती लोकांच्या ओळखीची झाली होती. तरी हिशेब जुळेना. सहा आठवड्यांतले रविवार वगळले की उरतात छत्तीस. पोप ग्रेगरी यांनी त्यालाच वर्षाचा दशांश म्हणून गोड मानलं. उरलेले चार दिवस पुढे जोडले गेले, म्हणून सुरुवात बुधवारी होते. मिलानच्या परंपरेने ते चार दिवस अजूनही घेतलेले नाहीत. तिथे उपवासकाळ रविवारीच सुरू होतो.

दिवस वाढले तशी पोटानेही वाट काढली. बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीनुसार मठात या काळात दिवसाचं एकमेव जेवण सायंप्रार्थनेनंतर. मात्र जेवताना दिवा लावावा लागू नये, इतपत लवकर ती प्रार्थना उरकायची. ही फट पुरेशी होती. पुढच्या शतकांत जेवणाची वेळ अलीकडे सरकत दुपारवर आली. नियम तर मोडायचा नाही, म्हणून सायंप्रार्थनाच दुपारच्या जेवणाआधी म्हणू लागले! मग रात्री भूक लागते म्हणून थोडं काहीतरी तोंडात टाकायची मुभाही आली. चॉकलेट पिण्याने उपवास मोडतो का, यावर तर १६३६ मध्ये माद्रिदमध्ये आख्खं पुस्तक निघालं. उपवासाच्या थाळीची ख्याती असलेल्या आपण त्याला हसू नये.

मांस वर्ज्य, मासे चालतात, ही सवलतही जुनीच. वसईच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर मासळीच्या शुक्रवाराने कुणाचं काय अडणार?

आडवळणाने नव्हे, उघड नियम मोडला गेला तो झुरिकमध्ये. मार्च १५२२ मधल्या उपवासकाळातल्या एका रविवारी ख्रिस्तोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी सॉसेजचे तुकडे वाटून खाल्ले गेले. फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी पुस्तकं छापायची, कामगार रात्रंदिवस राबतात, नुसत्या लापशीवर कसे निभावतील, असा त्याचा बचाव. धर्मगुरू झ्विंग्ली हजर होते. त्यांनी खाल्लं नाही, पण पुढे प्रवचन देऊन खाणाऱ्यांची बाजू घेतली. त्या शहरातल्या धर्मसुधारणेला तिथूनच जोर आला.

रोमने बंधनं सैल केली ती बरीच उशिरा. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी सक्तीच्या उपवासाचे दोनच दिवस ठेवले: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. त्या दिवशीही एक पूर्ण जेवण चालतं, सकाळ-संध्याकाळ थोडं खाता येतं. आणि साठाव्या वर्षात पदार्पण केलं की तीही सक्ती नाही.