सात पौष आणि पंचवीस डिसेंबर

डिसेंबर आला की पुष्कळ शाळांतून एक प्रश्न निघतो. गणपती, सरस्वतीपूजन आपण करतोच. मग नाताळ करायचा का? आणि करायचा तर कसा? प्रश्न आजचा नव्हे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका शाळेने त्याला उत्तर दिले. ती शाळा म्हणजे बोलपूरजवळचे शांतिनिकेतन.

रवींद्रनाथ ठाकुरांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ यांनी 21 डिसेंबर 1843 रोजी ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली. बंगाली पंचांगात तो 7 पौष. हा सौर महिना आहे बरं का. आपला चांद्र पौष वेगळा. पुढे 1888 मध्ये शांतिनिकेतनची जागा विश्वस्तांच्या हाती देताना महर्षींनी दस्तऐवजात काही अटी घातल्या. इथे मूर्तिपूजा व्हायची नाही, पण कोणत्याही धर्माची वा त्याच्या दैवताची निंदाही व्हायची नाही. दरवर्षी मेळा भरवावा आणि सर्व धर्मांच्या साधूंनी तिथे येऊन धर्मचर्चा करावी. 1891 मध्ये 7 पौषालाच तेथील काचेचे उपासनामंदिर उघडले आणि 1894 पासून मेळा भरू लागला. बाउल गाणारे आले, फकीर आले, आसपासचे संथाळ आले.

दस्तऐवजात अट घालणे सोपे. ती अंगी बाणायला वेळ लागतो. रवींद्रनाथांनी डिसेंबर 1901 मध्ये तिथे शाळा काढली. पहिल्या शिक्षकांत ब्रह्मबांधव उपाध्याय हे भगवी वस्त्रे घालणारे ख्रिस्ती संन्यासी होते. तरीही 1902 मध्ये वाद उठला तो असा, की ब्राह्मण मुलांनी ब्राह्मणेतर गुरुजींच्या पाया पडावे काय? तेव्हा रवींद्रनाथांनी सांगितले, पाया पडू नये, नुसता नमस्कार करावा. आज वाचताना नवल वाटते. पण ते लपवून ही हकीकत सांगता येणार नाही. इथूनच त्यांना पुढे जायचे होते.

आठ वर्षांनी, 25 डिसेंबर 1910 रोजी, त्याच काचेच्या मंदिरात त्यांनी ख्रिस्तोत्सव केला. येशूच्या चरित्रावर ते बंगालीत बोलले आणि आरंभी त्यांनी एका बाउलाची गोष्ट सांगितली. त्याला त्यांनी विचारले होते, तुम्ही सर्वांच्या घरी जेवता का? तो म्हणाला, नाही; जे आम्हांला मानत नाहीत त्यांच्याकडे आम्ही जेवत नाही. रवींद्रनाथ म्हणाले, त्यांनी न मानले तर न मानो, तुम्ही त्यांना का मानू नये? तेव्हा त्या भोळ्या माणसाने कबूल केले, की खरेच, तिथे आमची गाठ जरा अडली आहे.

आपलेही तसेच झाले, असे रवींद्रनाथांचे सांगणे होते. परके राज्यकर्ते आणि मिशनरी यांच्याशी भांडण. त्यापायी येशूला आपण दूर ठेवले. भांडण एकाशी आणि दार बंद दुसऱ्याला!

पण दार उघडणे म्हणजे हांजी हांजी करणे नव्हे. सप्टेंबर 1939 मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. त्या वर्षीच्या नाताळासाठी रवींद्रनाथांनी गीत रचले, त्यात येशूचे नाव घेत माणसे मारणाऱ्यांची कडक झडती आहे. येशूला आपला मानला म्हणूनच तो अधिकार त्यांना आला.

आपल्याला हे घर अगदी परके नाही. रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. देहूच्या वाण्याला ज्या घराने आपले म्हटले, त्याच घराने नाझरेथच्या सुताराला आपले म्हटले.

तेव्हा गुरुजनहो, नाताळ करायचा तर कागदी झाड आणि कापसाची दाढी एवढ्यावर थांबू नका. येशूचे चरित्र मुलांना मराठीतून नीट सांगा. ईद असो, बुद्धपौर्णिमा असो, नानकजयंती असो, रीत तीच. गावात त्या धर्माचे घर असेल तर तिथल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, त्यांच्या तोंडून ऐका. स्वतःची उपासना कुणी सोडायला नको. शांतिनिकेतनात 7 पौष राहिला आणि थोड्याच दिवसांवर 25 डिसेंबरही राहिला. वर्गात एखादे मूल दुसऱ्या धर्माचे असेल, तर त्या दिवशी त्याला वाटले पाहिजे, की आज गुरुजी माझ्या घरचे बोलत आहेत. तेवढे झाले की सण झाला.