मुंबईतील भाडेनियंत्रण
भाड्याच्या जागेसाठी मालकाला किती भाडे घेता येईल, यावर कायद्याने घातलेली मर्यादा म्हणजे भाडेनियंत्रण. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही 'कमाल किंमत' होय. स्पर्धेच्या बाजारात ज्या भाड्याला मागणी आणि पुरवठा जुळतात, त्याच्या वर मर्यादा असेल तर ती असून नसल्यासारखीच. खाली असेल तर जागा मागणारे वाढतात, देणारे घटतात आणि टंचाई निर्माण होते. घरांच्या बाबतीत हा परिणाम सावकाश दिसतो. उभी इमारत भाडे गोठवल्याने नाहीशी होत नाही; थांबते ती डागडुजी आणि भाड्याने देण्यासाठीचे नवे बांधकाम.

मुंबईत युद्धकाळातील टंचाईमुळे १९१८ मध्ये पहिले भाडेनिर्बंध आले. पुढे १९४७ च्या कायद्याने 'प्रमाण भाडे' ठरवले. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्याने दिलेली होती, तेच सामान्यतः कायम झाले. कायदा मुळात तात्पुरता होता, पण मुदतवाढ मिळत तो अर्धशतक टिकला. त्याने चाळीतल्या गिरणी कामगाराला आणि कारकुनाला घराबाहेर काढले जाण्यापासून वाचवले, हे त्याचे मोठे श्रेय. मात्र संरक्षण गरजेशी नव्हे, तर जुन्या भाडेकराराशी जोडलेले राहिले. त्यामुळे सधन भाडेकरूलाही त्याचा लाभ झाला आणि शहरात नव्याने आलेल्या गरिबाला काहीच मिळाले नाही.

दडपलेली किंमत दुसऱ्या वाटेने वर आली. भाडे नाममात्र, पण भाडेकरूचा हक्क मिळवण्यासाठी मोठी एकरकमी 'पागडी', असा व्यवहार रूढ झाला. कायद्याने निषिद्ध असूनही तो चालला, कारण जागेची खरी किंमत त्यातच उमटत होती. दुसरीकडे, मिळणाऱ्या भाड्यात इमारत राखणे मालकाला परवडेना. जीर्ण इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन करून उपकर लावण्यात आला. 'उपकरप्राप्त इमारत' ही संज्ञा त्यातूनच आली. एका नियंत्रणाने केलेले नुकसान भरून काढण्यासाठी असा कर बसवावा लागला.

करांवरचा परिणाम इतकाच नाही. मालमत्ता कर अपेक्षित वार्षिक भाड्यावर आकारला जाई आणि ते भाडे प्रमाण भाड्याहून अधिक धरता येत नसे. म्हणजे भाड्याबरोबर महापालिकेचे उत्पन्नही गोठले. मुंबई महापालिकेने २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आकारण्याची पद्धत स्वीकारली.

प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला मान्यता दिली आणि बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या तसेच एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा नियंत्रणातून वगळल्या. पण चार टक्के वाढ मूळच्याच क्षुल्लक रकमेवर मोजली जात असल्याने जुन्या चाळींत फरक फारसा पडला नाही. नव्या घरांचे व्यवहार मुख्यत्वे 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने, बहुधा अकरा महिन्यांच्या मुदतीवर आणि बाजारभावाने होतात. एकाच गल्लीत दोन भाडेबाजार नांदतात ते यामुळे.