निपाणीची तंबाखू : वाळवणातील ओलावा आणि वाऱ्याचे गणित

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी आणि तिच्या भोवतीचा सीमाभाग विडीच्या तंबाखूसाठी देशभर ओळखला जातो. वेदगंगा व दूधगंगा या नद्यांच्या परिसरातील काळ्या जमिनीत हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जात आहे. गुजरातमधील चरोतर भागाप्रमाणेच विडीसाठी लागणाऱ्या जर्द्याचे हे प्रमुख क्षेत्र आहे. पिकाची लागवड, खुडणी आणि खते यांविषयी बरेच बोलले जाते. कापणीनंतरच्या वाळवणीची चर्चा मात्र कमी होते. प्रत्यक्षात चार महिन्यांच्या कष्टांचे मोल याच शेवटच्या टप्प्यात ठरते.

घाटमाथ्यापलीकडील कोरडी हवा

पुरुमेंताची वाळवणे करणाऱ्या गोमंतकीय घरांना दमट हवेचा त्रास नवा नाही. मिरची, सोला किंवा सुकी मासळी यांना दिवसभर ऊन मिळाले, तरी रात्रीच्या हवेत ती पुन्हा मऊ पडतात. आंबोलीचा घाट चढून आजरा, गडहिंग्लजमार्गे निपाणीकडे निघाले, की हवा पालटते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावर पाऊस उणावत जातो आणि जानेवारी-फेब्रुवारीत दुपारची हवा चांगलीच कोरडी असते. पावसाळ्यात तरू लावून उन्हाळ्याच्या तोंडावर कापणी करण्याचे येथील वेळापत्रक या कोरड्या दिवसांशी जुळलेले आहे.

पान वाळते, म्हणजे काय होते?

शेतातील हिरव्या पानात साधारण ८० ते ८५ टक्के पाणी असते. ८५ टक्के धरल्यास १०० किलो हिरव्या पानात कोरडा अंश केवळ १५ किलो असतो. १५ टक्के ओलावा असलेले तयार पान त्यातून साडेसतरा किलोंच्या आसपास मिळते. बाकीचे ८२ किलोंहून अधिक पाणी हवेने वाहून न्यावे लागते.

परंतु वाळवण म्हणजे केवळ पाणी काढणे नव्हे. कापल्यानंतरही पानातील पेशी काही काळ जिवंत असतात. त्या अवधीत हिरवे रंगद्रव्य विघटित होते, पिष्टाचे रूपांतर साखरेत होते आणि पानाचा रंग व वास घडू लागतो. या क्रियांना पानात ओलावा शिल्लक असावा लागतो. तो फार लवकर उडाला तर पान कच्चे, गडद हिरवे राहते आणि उग्र लागते. विडीच्या तंबाखूत पिवळसर-हिरवट झाक चालते, कच्चा हिरवेपणा चालत नाही. उलट ओलावा फार काळ टिकला तर पान काळवंडते, त्यावर बुरशी धरते आणि पेशींच्या श्वसनात कोरडा अंशही घटतो.

शेतातील पद्धत

विडीची तंबाखू उन्हात, जमिनीवरच वाळवतात. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसू लागले, की पीक पक्व झाले असे मानतात. कापणीच्या व वाळवणीच्या वेळी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी अशा :

• खोड जमिनीलगत कापून रोप आधी कोमेजू द्यावे. ताजे, ताठ पान हलवताना फाटते.

• रोपे एका थरात पसरावीत. थर जाड झाला तर वरचे पान कुरकुरीत होते आणि खालचे ओलेच राहते.

• ठरावीक अंतराने रोपे उलटावीत. जमिनीकडील बाजूस वारा पोहोचत नाही, म्हणून बुरशीची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

• पानाचे पाते आधी वाळते, मधली शीर सर्वांत शेवटी. केवळ पाते पाहून वाळवण पूर्ण झाली असे समजू नये. शीर वाकवल्यावर कट्‌कन मोडली पाहिजे.

• ढगाळ हवेत किंवा अवकाळी पावसाची चिन्हे दिसताच माल गोळा करून झाकावा. मात्र ताडपत्रीखाली हवा कोंडू देऊ नये. पाऊस थांबताच ताडपत्री काढून माल पुन्हा पसरावा.

दव : शत्रू आणि सहायक

दुपारी ३० अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के आहे, असे समजू. तीच हवा पहाटे १४ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिच्यात पाण्याचा एकही थेंब न मिसळता सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात जाते. जमिनीलगत, उघड्या आकाशाखाली गारवा आणखी वाढतो आणि दव पडते. वाळलेले तंबाखूचे पान हवेतील बाष्प झपाट्याने शोषून घेते. दिवसभर सुकलेला माल पहाटे नरम लागतो, याचे कारण हेच.

जाणता शेतकरी या दोषाचाच उपयोग करतो. भर दुपारी कडकडीत पान हाताळले तर त्याचा चुरा होतो आणि चुऱ्याला भाव कमी मिळतो. म्हणून माल गोळा करण्याचे काम पान किंचित नरम असताना, सकाळच्या वेळी उरकतात. पान वाकावे पण तुटू नये, मुठीत दाबून सोडल्यावर हळूहळू उलगडावे, ही हाताची जुनी कसोटी आहे. दवाने चिंब झालेला माल मात्र लगेच रचू नये. त्याला थोडे ऊन व वारा देऊन मगच ढीग करावा.

ढीग आणि वखार

ढिगात दाबलेल्या पानांना ऊब येते आणि रंग व वास पक्का होतो. ओलावा बेताचा असेल तर ही क्रिया हिताची असते, जास्त असेल तर ढीग आतून तापतो आणि माल करपल्यासारखा काळा पडतो. ढिगाच्या पोटात हात घालून पाहावे. हाताला चटका जाणवला तर ढीग मोडून, वरचा माल आत आणि आतला वर असा पुन्हा रचावा. वखारीत बोद थेट फरशीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावेत. झरोके कोरड्या दुपारी उघडावेत आणि रात्री व पावसाळी हवेत बंद ठेवावेत. दमट, उबदार वखारीत तंबाखू पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचाही उपद्रव वाढतो.

अन्यत्र काय होते?

हुणसूर, पिरियापट्टण या म्हैसूरकडील भागांत सिगारेटची तंबाखू बंद भट्टीत वाळवतात. तेथे आधी मंद उष्णतेत व दमट हवेत पान पिवळे करतात. मग झरोके उघडून व तापमान वाढवून पाते आणि शेवटी ७० अंशांच्या आसपास शीर वाळवतात. टप्पे तेच, फक्त तेथे आर्द्रता माणसाच्या हाती आहे आणि निपाणीत ती आकाशाच्या हाती. दुसरा फरक विक्रीचा. म्हैसूरकडील माल तंबाखू मंडळाच्या लिलावात जातो. विडीच्या तंबाखूचा भाव शेतकरी आणि व्यापारी यांच्यातच ठरतो.

ओलाव्याचे अर्थकारण

या भावाच्या प्रश्नाने निपाणीचा इतिहास घडवला आहे. १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी आंदोलन मोडून काढताना पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात १२ शेतकऱ्यांचा बळी गेला.

आजही व्यवहाराच्या मुळाशी ओलावा आहे. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो माल १२ टक्क्यांवर आणला, तर तो ९१ किलो भरतो. म्हणजे गरजेपेक्षा जास्त वाळवणारा शेतकरी वजन गमावतो आणि वर चुराही वाढवतो. कमी वाळवणाऱ्याच्या मालाला बुरशीची धास्ती असते आणि वजनात कपात सुचवली जाते. व्यापाऱ्याचा हात ‘ओले आहे’ म्हणतो, तेव्हा शेतकऱ्याकडे उत्तरादाखल आकडा नसतो. काहीशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खळ्यावर व वखारीत लावणे आणि आपल्या मालाचा थोडा नमुना तोलून, पूर्ण वाळवून, पुन्हा तोलून ओलाव्याची टक्केवारी काढणे सहज शक्य आहे. हाताच्या कसोटीला आकड्याची जोड मिळाली, तर घासाघीस निदान दोन्ही बाजूंनी होईल.

हाताळणाऱ्यांची काळजी

ओल्या, दवभरल्या हिरव्या पानांतील निकोटिन कातडीतून शरीरात भिनते. मळमळ, उलटी, चक्कर आणि डोकेदुखी ही त्याची लक्षणे. कापणी करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे वापरावेत आणि भिजलेले कपडे लगेच बदलावेत. वखारीत झोडपणी व चाळणीच्या वेळी उडणारी धूळ मुख्यतः तेथे राबणाऱ्या स्त्रियांच्या छातीत जाते. तेथे तोंडाला फडके बांधणे पुरेसे नाही, धूळ बाहेर नेणारा वारा खेळता हवा. तंबाखूचे सेवन घातक आहेच. ज्यांनी ती कधी ओठांना लावली नाही, त्यांनी तरी तिची किंमत श्वासाने मोजू नये.